एक किलोमीटरचे यंत्र आणि वीतभर तांब्याचा डबा



जुना डबा टीव्ही आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी होता. काहींच्या माळ्यावर अजूनही पडून असेल. तो चालू केला की चित्र लगेच येत नसे. आधी आवाज यायचा आणि मग हळूहळू पडदा उजळायचा. सेट म्हातारा झाला की चित्र फिके पडायचे. मेकॅनिक मागचे झाकण काढून बघायचा आणि सांगायचा, "पिक्चर ट्यूब वीक झाली, गन गेली." ही गन म्हणजे काय हे विचारण्याच्या भानगडीत आपण पडत नव्हतो. नवी ट्यूब कितीला पडेल, एवढेच विचारत होतो.

ती गन इलेक्ट्रॉनची होती. ट्यूबच्या निमुळत्या मानेत धातूचा एक लहानसा तुकडा असे, त्यावर ऑक्साइडचा लेप असे. या तुकड्याला कॅथोड म्हणतात. आतली तार तापली की कॅथोड तापे आणि त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर उडत. रंगीत टीव्हीत वीस-पंचवीस हजार व्होल्टचा दाब त्यांना पुढे ओढून नेई. ते पडद्यावर आदळले की उजेड पडे. चित्र उशिरा येण्याचे कारण, तार तापायला वेळ लागे. चित्र फिके पडण्याचे कारण, लेप झिजून इलेक्ट्रॉन कमी निघू लागत.

याच गनचा एक फार पुढे गेलेला प्रकार अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात, स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या स्लॅक या प्रयोगशाळेत आहे. तो तांब्याचा आहे आणि त्याची आतली पोकळी वीतभरही लांब नाही. त्याच्यापुढे एक किलोमीटर लांबीचे त्वरणयंत्र जोडलेले आहे. त्वरणयंत्र म्हणजे कणांचा वेग आणि जोर वाढवणारे यंत्र. एवढ्या मोठ्या यंत्राची पत त्या वीतभर डब्यावर ठरते. ते कसे, हे आज पाहू. विषय नवीन आहे, पण अवघड नाही. घरातल्या आठवी-नववीच्या मुलामुलींना जवळ बसवून वाचला तरी चालेल.

प्रखर झोत कशाला म्हणायचे?

इलेक्ट्रॉनला जोर देणारी यंत्रे आपल्यापासून फार लांब नाहीत. कॅन्सरच्या रोग्याला किरणांचा शेक देतात ते लिनॅक नावाचे यंत्र याच जातकुळीतले आहे. त्यातही गन असते. गनमधून निघालेले इलेक्ट्रॉन वेगाने टंगस्टनवर आदळवतात, त्यातून क्ष-किरण निघतात आणि ते गाठीवर सोडतात. या कामाला झोत साधारण नीटनेटका असला तरी भागते. तो शेवटी धातूवर आदळायचाच असतो.

स्लॅकच्या यंत्राचे काम निराळे आहे. तिथे इलेक्ट्रॉनकडून क्ष-किरणांचा लेसर तयार करून घ्यायचा असतो, आणि त्यासाठी झोत अतिशय प्रखर लागतो. प्रखर या शब्दात इथे तीन गोष्टी येतात. इलेक्ट्रॉन पुष्कळ हवेत आणि ते अगदी थोड्या वेळात आले पाहिजेत. ते लहानशा जागेतून गेले पाहिजेत. आणि सगळ्यांची दिशा एकच हवी. यातली एक जरी गोष्ट सुटली तरी प्रखरता गेली.

शाळेच्या मैदानाचे उदाहरण घ्या. मधल्या सुट्टीत दोनशे मुले मैदानात असतात. मुले भरपूर, पण प्रत्येकाचे तोंड वेगळीकडे. तीच दोनशे मुले प्रभातफेरीला रांगेत निघाली की अरुंद गल्लीतूनही सरळ जातात. मुले तीच, पण पसारा कमी झाला. इलेक्ट्रॉनच्या झोतातही जागेचा फैलाव आणि दिशेचा फैलाव मिळून एक आकडा काढतात. शास्त्रज्ञ त्याला एमिटन्स म्हणतात. आपण त्याला पसारा म्हणू. पसारा जितका कमी, तितका झोत प्रखर.

आरंभीचा आकडा पुढे सुधारत नाही

आता मुख्य मुद्दा. कुणी म्हणेल, गन साधी असू द्या, पुढे चुंबके लावून झोत बारीक करून घेऊ. भिंगाने नाही का आपण उन्हाचा ठिपका करत? पण चुंबकाने झोत बारीक केला की त्यातल्या इलेक्ट्रॉनच्या दिशा तेवढ्याच फाकतात. विस्कळीत मुलांना अरुंद फाटकातून रेटून काढले तर फाटकातून ती जातील, पण बाहेर पडताच सगळीकडे पांगतील. जागा वाचवली तर दिशा बिघडते आणि दिशा सुधारली तर जागा वाढते. दोन्हींचा गुणाकार तोच राहतो. एकोणिसाव्या शतकातले फ्रेंच गणितज्ञ लिउव्हिल यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो.

मग बाहेरचे इलेक्ट्रॉन कापून टाकले तर? तेही करता येते. मध्ये भोक असलेला अडसर ठेवला की कडेचे इलेक्ट्रॉन अडतात आणि पसारा कमी होतो. पण इलेक्ट्रॉनही कमी होतात, म्हणजे प्रखरता होती तिथेच राहते.

पुढे वेग वाढला की झोत काहीसा आवरलेला दिसतो, हे खरे. पुढची धाव हजारो पटींनी वाढते आणि बाजूची धाव आहे तेवढीच राहते, म्हणून कोन लहान दिसतो. पण हा फायदा सगळ्याच झोतांना सारखा मिळतो. गनमधून दुप्पट पसारा घेऊन निघालेला झोत शेवटपर्यंत दुप्पटच राहतो. जमाखर्चाच्या वहीत आरंभीची शिल्लक जशी पुढे ओढत न्यावी लागते, तसा गनमधला आकडा शेवटच्या पानापर्यंत येतो. वाटेत तो वाढू शकतो, म्हणजे झोत आणखी बिघडू शकतो. कमी मात्र होत नाही.

म्हणजे जन्मावरच सगळे ठरते की काय, असे कुणी विचारेल. हा निर्जीव कणांचा आणि तोही सरळ रेषेत जाणाऱ्या यंत्रातला नियम आहे, माणसाला तो लावायचे कारण नाही. शिवाय इलेक्ट्रॉनमध्येही तो सगळीकडे चालत नाही. मध्य प्रदेशात इंदूरला राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-१ आणि इंडस-२ ही गोल यंत्रे आहेत. इंडस-२ मध्ये इलेक्ट्रॉन १७२ मीटरच्या कड्यात फिरत राहतात. प्रत्येक वळणावर ते थोडा प्रकाश टाकतात आणि यंत्र त्यांना पुन्हा जोर देते. असे लाखो वेळा झाले की सुरुवातीचा पसारा पुसला जातो. पुढचा पसारा त्या कड्याच्या चुंबकांच्या रचनेवर ठरतो. गोल यंत्रात इलेक्ट्रॉन आपला जन्म विसरतो. स्लॅकसारख्या सरळ यंत्रात त्याला ती सवड मिळत नाही. तो एकदाच येतो आणि एकदाच जातो. म्हणून तिथे सगळी मेहनत गनवर.

तापवण्याऐवजी उजेड

टीव्हीप्रमाणे धातू तापवून इलेक्ट्रॉन काढण्याची पद्धत फार जुनी. तापलेल्या धातूतून किती इलेक्ट्रॉन निघतात याचा नियम इंग्रज शास्त्रज्ञ रिचर्डसन यांनी शोधला आणि त्यांना १९२८ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. पण या पद्धतीत एक अडचण आहे. तापलेला धातू सारखे इलेक्ट्रॉन देत राहतो. त्वरणयंत्राला ते ठरावीक क्षणी, लहान लहान पुंजक्यांत हवे असतात. मग सलग धार तोडून पुंजके करावे लागतात. ही तोडजोड झोत हळू चालत असतानाच होते आणि त्यात पसारा वाढतो.

१९८५ च्या सुमारास अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉन फ्रेझर, रिचर्ड शेफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी वाट काढली. त्यांनी कॅथोड तापवण्याऐवजी त्यावर लेसरचा उजेड टाकला. योग्य रंगाचा उजेड पडला की धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात, ही गोष्ट माहीत होती. त्याचे कारण आइन्स्टाइन यांनी १९०५ साली सांगितले होते. लेसरची चमक जितका वेळ, तितकाच वेळ इलेक्ट्रॉन निघतात. चमक संपली की ते थांबतात. म्हणजे पुंजका जन्मतःच हवा तेवढा लांब आणि हवा तेवढा रुंद मिळू लागला.

दुसरी युक्ती त्यांनी त्याच वेळी केली. कॅथोड त्यांनी सूक्ष्मलहरींच्या पोकळीतच बसवला. या लहरी आपल्या मायक्रोवेव्ह ओव्हनमधल्या लहरींच्याच कुळातल्या, मात्र कितीतरी पट जोरदार. याचे कारण समजून घेतले पाहिजे. इलेक्ट्रॉन सगळे ऋण विद्युतभाराचे. सारखे विद्युतभार एकमेकांना ढकलतात. स्लॅकच्या गनमध्ये एका पुंजक्यात दीडशे कोटींहून जास्त इलेक्ट्रॉन असतात. आपल्या देशाच्या लोकसंख्येच्या आसपासचा आकडा! ते सगळे सुमारे एक मिलिमीटर रुंदीच्या ठिपक्यातून, काही पिकोसेकंदांत बाहेर पडतात. पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग. एवढ्या गर्दीत ढकलाढकल किती होत असेल याची कल्पना करा.

यावर उपाय एकच, पळ काढणे. इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाजवळ गेले की त्यांच्या धावण्यातून तयार होणारे चुंबकीय बल त्यांना एकमेकांकडे ओढते आणि ढकलण्याचे बल बरेचसे फिटते. स्लॅकच्या गनमधून बाहेर पडताना इलेक्ट्रॉनला साठ लाख व्होल्टचा जोर मिळालेला असतो. त्या वेळी उरलेली ढकलाढकल मूळच्या दीडशेव्या हिश्श्याहूनही कमी असते. म्हणून जन्मल्याबरोबर त्यांना जोरात पळवायचे. गनमध्ये कॅथोडजवळ एका मीटरला अकरा कोटी व्होल्टहून अधिक असे क्षेत्र असते. साध्या बॅटरीसारख्या स्थिर दाबाने इतके क्षेत्र आणायला गेले तर ठिणग्या उडतात. सूक्ष्मलहरींचे क्षेत्र क्षणाक्षणाला उलटत असते आणि तेही थोड्याच वेळापुरते चालू ठेवतात, म्हणून ते जास्त पेलते. स्लॅकच्या गनमध्ये ते सेकंदाला २८५ कोटी वेळा उलटसुलट होते. लेसरची चमक त्यातला नेमका क्षण साधून पडावी लागते.

एका हाताने घ्यावे, दुसऱ्या हाताने द्यावे

गन तयार करणाऱ्याचे काम घर चालवणाऱ्या बाईसारखे असते. एकीकडे वाढवले की दुसरीकडे कमी पडते.

लेसरचा ठिपका लहान केला तर इलेक्ट्रॉन लहान जागेतून निघतात, पसारा कमी. पण गर्दी वाढते आणि ढकलाढकलीने पसारा वाढतो. ठिपका मोठा केला तर ढकलाढकल कमी, पण जागाच मोठी झाली.

लेसरचा रंग निवडतानाही तेच. तांब्यातून इलेक्ट्रॉन काढायला अतिनील उजेड लागतो. त्याची ऊर्जा जेमतेम पुरेल इतकीच ठेवली तर इलेक्ट्रॉन शांतपणे बाहेर येतात, पण फार थोडे येतात. ऊर्जा वाढवली तर पुष्कळ येतात, पण उरलेल्या ऊर्जेमुळे आडवेतिडवे उसळत येतात. ही उसळी हाच झोताचा पहिला पसारा.

कॅथोडचा धातू निवडतानाही हाच पेच. तांबे दणकट, पण कंजूष. प्रकाशाचे काही दहा हजार कण पडावेत तेव्हा एक इलेक्ट्रॉन मिळतो. सिझियम टेल्युराइड नावाचा लेप दिला तर शंभर कणांमागे काही इलेक्ट्रॉन मिळतात. पण तो लेप फार नाजूक. डब्यातून हवा जवळजवळ पूर्ण काढून टाकली नाही तर तो लवकर खराब होतो. तांब्यालाही निगा लागतेच. स्लॅकमध्ये २०११ साली इलेक्ट्रॉन कमी निघू लागले, तेव्हा त्याच लेसरने कॅथोडचा पृष्ठभाग साफ करून उत्पन्न वाढवावे लागले होते.

हरवले असे वाटले ते सापडले

लॉस अलामॉसच्या पहिल्या गनमध्ये झोत चांगला मिळाला, पण ढकलाढकलीने पसारा वाढत होताच. तो वाढलेला पसारा गेला तो गेला, असे वाटत होते. १९८९ साली तिथल्याच ब्रूस कार्लस्टेन यांनी हिशोब तपासला आणि दाखवून दिले की त्यातला बराचसा भाग परत मिळवता येतो.

त्यांचे म्हणणे असे. इलेक्ट्रॉनचा पुंजका म्हणजे पावाची लादी समजा आणि तिच्या पातळ चकत्या करा. मधल्या चकतीला दोन्ही बाजूंची गर्दी असल्यामुळे जास्त रेटा बसतो. टोकाच्या चकत्यांना कमी बसतो. त्यामुळे मधली चकती जास्त फाकते, टोकाच्या कमी फाकतात. प्रत्येक चकती आपल्यापुरती नीटच असते. फक्त सगळ्यांचा मेळ बसत नाही, आणि बाहेरून बघणाऱ्याला सगळा पुंजका विस्कटल्यासारखा दिसतो. गनच्या तोंडाशी तारेच्या वेटोळ्याचे चुंबक लावून झोताला आत वळवले तर पुढच्या वाटेवर याच ढकलाढकलीने चकत्यांचा कल उलट बदलत जातो. एका ठरावीक ठिकाणी त्या पुन्हा एका ओळीत येतात. नेमके त्याच ठिकाणी पुढचे त्वरणयंत्र सुरू केले आणि वेग वाढवला की तो मेळ कायम राहतो. स्लॅकमध्ये हे अंतर कॅथोडपासून दीड मीटरच्या आत-बाहेर आहे.

मघाचा नियम इथे मोडला असे कुणी समजू नये. चकतीच्या आतला पसारा खरा, तो कमी होत नाही. चकत्यांचा मेळ बिघडल्यामुळे दिसणारा पसारा वेगळा. कार्लस्टेन यांनी दोहोंची खाती वेगळी केली. आजही प्रखर झोताची गन आखताना आधी हाच हिशोब मांडतात.

चुकीच्या बाजूचा रेटा

डब्याच्या आकाराचीही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. सुरुवातीच्या गनमध्ये सूक्ष्मलहरी एकाच बाजूच्या भोकातून आत सोडत. त्यामुळे डब्यातले क्षेत्र त्या बाजूला थोडे वेगळे व्हायचे आणि झोताला आडवा धक्का बसायचा. एका बाजूला नळ असलेल्या टाकीत पाणी जसे एकाच बाजूने उसळते, तसे. स्लॅकच्या नव्या गनमध्ये समोरासमोरच्या दोन भोकांतून लहरी सोडल्या. तरीही लांबट क्षेत्राची थोडी चूक उरत होती. ती घालवण्यासाठी डब्याचा आतला आकार पूर्ण गोल न ठेवता धावपट्टीसारखा किंचित लांबट केला. बाहेरच्या वेटोळ्याच्या चुंबकातही बारीक दोष आढळला. त्यासाठी त्यात लहान दुरुस्ती-चुंबके बसवली.

तापमानाचेही तसेच. तांबे एक अंशाने तापले तर ते इतके थोडे फुगते की डोळ्याला कळणार नाही. पण तेवढ्याने डब्याचा सूर सेकंदाला सुमारे पन्नास हजार आवर्तनांनी ढळतो. म्हणून डब्याभोवती पाणी खेळवून तापमान अंशाच्या लहानशा भागापर्यंत जागच्या जागी ठेवतात.

एवढ्या खटाटोपाचे फळ काय?

१९९२ साली क्लाउडिओ पेलेग्रिनी यांनी सुचवले की स्लॅकच्या जुन्या, साठच्या दशकातल्या तीन किलोमीटर यंत्राचा काही भाग वापरून क्ष-किरणांचा लेसर करता येईल. क्ष-किरण साध्या लेसरच्या प्रकाशासारखे दोन आरशांमध्ये खेळवत ठेवता येत नाहीत. म्हणून इलेक्ट्रॉनचा झोत चुंबकांच्या लांब रांगेतून एकदाच सोडायचा. उत्तर-दक्षिण, उत्तर-दक्षिण अशा चुंबकांतून तो नागमोडी जातो आणि क्ष-किरण टाकतो. झोत प्रखर असेल तर ते क्ष-किरणच इलेक्ट्रॉनला पातळ ओळींत आणतात, आणि ओळीत आलेले इलेक्ट्रॉन एका तालात प्रकाश देतात. झोत प्रखर नसेल तर ताल बसत नाही. मग कितीही चुंबके लावा, लेसर होत नाही. म्हणजे सगळा प्रकल्प गनवर टांगलेला होता. आराखड्यात पसाऱ्याची मर्यादा १.२ मायक्रॉन धरली होती, आणि त्या काळच्या गनना तेवढी मजल गाठणे सोपे नव्हते.

गन २००७ साली चालू झाली. पुंजका आराखड्यातल्या पुंजक्याच्या चौथाई ठेवला, तेव्हा गर्दी कमी झाली आणि पसारा अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास आला. एप्रिल २००९ मध्ये झोत चुंबकांतून सोडला आणि क्ष-किरणांचा लेसर पेटला. तरंगलांबी होती ०.१५ नॅनोमीटर, म्हणजे अणूच्या मापाची. चुंबकांची रांग शंभर मीटरहून लांब बांधली होती. सुमारे साठ मीटरमध्येच लेसर पूर्ण जोमात आला. गन अपेक्षेपेक्षा चांगली निघाली म्हणून हे झाले.

आता याचा माणसाला उपयोग काय? आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेला एका माशीच्या चाव्यातून झोपेचा आजार होतो. खेड्यापाड्यातली गरीब माणसे त्याला बळी पडतात. हा आजार करणाऱ्या सूक्ष्म जीवाच्या अंगात कॅथेप्सिन बी नावाचे एक प्रथिन असते. त्या प्रथिनाची रचना अणूअणूपर्यंत समजली तर त्याला अडवणारे औषध शोधता येईल. पण त्याचे स्फटिक इतके लहान की साध्या क्ष-किरणांना दाद देत नव्हते. स्लॅकच्या लेसरने हजारो सूक्ष्म स्फटिकांवर एकेक चमक टाकली. चमक इतकी थोड्या वेळाची की स्फटिक फुटून जाण्याआधीच त्याचे चित्र मिळाले. २०१२ साली ती रचना प्रसिद्ध झाली. त्या प्रथिनाला निसर्गानेच लावलेला लगाम कुठे आणि कसा बसतो, हेही तीत दिसले. एका चित्राने औषध तयार होत नाही. पण कुलपाची घडण कळल्याशिवाय किल्ली घडवता येत नाही.

जुने टाकाऊ नसते

हे वाचून कुणाला वाटेल की तापवण्याची पद्धत संपली. तसे नाही. जपानमध्ये साक्ला नावाचा क्ष-किरण लेसर २०११ साली सुरू झाला. तिथे आजही कॅथोड तापवतात. मात्र तो साध्या लेपाचा नसून सिरियम हेक्झाबोराइड या पदार्थाचा तीन मिलिमीटरचा एकसंध स्फटिक आहे. त्याला सुमारे १४५० अंशांपर्यंत तापवतात आणि पाच लाख व्होल्टच्या ठोक्याने इलेक्ट्रॉन ओढतात. पुंजके तोडण्याचे अवघड काम त्यांनी फार काळजीने जमवले. एकच प्रश्न दोघांनी दोन वाटांनी सोडवला.

स्लॅकमध्येही गोष्ट तांब्यावर थांबली नाही. तांब्याच्या गनचा लेसर सेकंदाला १२० चमका देतो. सप्टेंबर २०२३ मध्ये तिथे दुसरा लेसर सुरू झाला. त्याचे लक्ष्य सेकंदाला दहा लाख चमकांपर्यंतचे. इतक्या वेळा जुना डबा चालवला तर तो तापून जाईल. म्हणून बर्कली प्रयोगशाळेने त्यासाठी मोठ्या पोकळीची, कमी आवर्तनांची गन घडवली. तीत क्षेत्र कमी, पण ती अखंड चालते. तिथे कॅथोडवर तोच नाजूक सिझियम टेल्युराइडचा लेप आहे, कारण कंजूष तांब्याला इतक्या चमकांचा उजेड पुरवणे परवडले नसते.

आपल्या देशातही नवी दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रात लेसरच्या उजेडावर चालणारी तांब्याची गन बसवून दिल्ली लाइट सोर्स हा प्रकल्प उभा करण्याचे काम झाले आहे.

हे काम कोण करतो?

शेवटी एक गोष्ट पालकांसाठी. अशी गन म्हटली की डोळ्यांपुढे मोठमोठे शास्त्रज्ञ येतात. हिशोब तेच मांडतात. पण तांब्याचा तो डबा लेथवर आणि मिलिंगवर कातावा लागतो. मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपासची चूकही तिथे मोजली जाते. भाग भट्टीत ब्रेझिंगने जोडावे लागतात. आतल्या पृष्ठभागावर बोटाचा ठसाही चालत नाही. निर्वात पंप जोडून एकेक गळती शोधावी लागते. पाण्याची जोडणी, विजेचे ठोके देणारी यंत्रणा, चुंबकांची वेटोळी, ही सगळी कामे टर्नर, फिटर, मशिनिस्ट, वेल्डर आणि इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकची आहेत. पसारा आरंभी राखायचा तर तो या हातांनीच राखला जातो.

भाभा अणुसंशोधन केंद्र आणि इंदूरचे केंद्र यांच्याकडून आयटीआय झालेल्या मुलामुलींसाठी प्रशिक्षणार्थींच्या जाहिराती वेळोवेळी निघतात. विज्ञान घेऊन बारावी झालेल्यांना आणि पदविकाधारकांनाही त्यात संधी असते. जाहिरात आली की वयाची अट, गुणांची अट आणि शेवटची तारीख नीट वाचावी आणि जातीचा दाखला, गुणपत्रिका, निवासी दाखला आधीच तयार ठेवावे. कागद गोळा करण्यात तारीख निघून गेल्याची उदाहरणे आपल्या वस्त्यांत काही कमी नाहीत. ज्याच्या घरात आयटीआयचा मुलगा किंवा मुलगी आहे, त्याने हा लेख त्यांना दाखवावा आणि लेथवर कातलेले तांबे कुठवर पोहोचते तेही सांगावे.